हवालदारांची राखाडी मोटार

हवालदारांच्या मोटारीचा रंग राखाडी का, असं कोणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "पिच्चरमधी तसाच हुता." पिच्चर ब्लॅक अँड व्हाइट होता हे त्यांना ठाऊक होतं. पण मोटारीचा खरा रंग काय असेल याचा अंदाज बांधणं म्हणजे त्यांच्या लेखी थाप मारणं. म्हणून अंग राखाडी, मडगार्ड काळी, गाद्या फिक्या राखाडी, आणि आतल्या डॅशबोर्डचं चांगलं शिसवी लाकूड, तेही रंग देऊन राखाडी केलेलं. लग्नाच्या वरातीत ती गाडी हिरव्या शालू आणि पिवळ्या झेंडूच्या मधे उभी राहिली की एखाद्या रंगीत कॅलेंडरावर कोणी जुना फोटो चिकटवावा तशी दिसायची.

हवालदार तुकाराम मोहिते हे कराडहून इस्लामपूरकडे जाताना लागणाऱ्या एका गावचे. ते गाव माझी सासुरवाडी. मी तेव्हा कराडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला नुकताच लागलो होतो आणि माझं लग्न ठरलं होतं. सासऱ्यांनी हौसेनं हवालदारांची गाडी सांगितली. गावाच्या शिवेवर वरात थांबवून नारळ फोडायची तिकडे पद्धत आहे. माझ्या मेव्हण्यानं नारळ उचलला आणि गाडीच्या पुढच्या बंपरवर आपटायला हात वर केला. खाकी पँटीला कडक इस्त्री, मिशा वर वळवलेल्या, अशा उंच माणसानं खाली उतरून तो हात वरच्या वर धरला. "दगुड हाय की तितं," ते म्हणाले. "पिच्चरमधी हिच्यावर कुनी नारळ फोडला न्हाई." मेव्हणा गुमान दगडाकडे गेला. त्या माणसाशी माझी ओळख झाली ती अशी.

पुढे सासुरवाडीला गेलो की संध्याकाळी मी त्यांच्या छपराकडे वळत असे. छप्पर मळ्याच्या तोंडाशी होतं, आत गाडी आणि बाहेर एक लोखंडी खाट. त्या खाटेवर गावातली चार टाळकी जमायची. कोणी काही सांगायला लागला, कुणाच्या सुनेचं, कुठल्या भुताचं, कारखान्याच्या निवडणुकीचं, की हवालदार मधेच विचारायचे, "बघितलं का ऐकलं?" ऐकलं म्हटलं की ते तोंड फिरवायचे. बघितलं म्हटलं की उलटतपासणी सुरू. कुठं उभा होतास, उजेड किती होता, त्याच्या अंगावर काय होतं. अर्धी गावकी त्यांच्यासमोर बोलायलाच भ्यायची. "अंदाजपंचे काम शिविलियन मानसांचं," असं ते म्हणत आणि हे म्हणताना माझ्याकडे बघत. मी इंग्रजीचा प्राध्यापक, म्हणजे शिविलियनांतलाही जास्तच शिविलियन.

तो पिच्चर त्यांनी फौजेत बघितला होता. बासष्टच्या लढाईनंतर त्यांची पलटण डोंगरातून खाली एका छावणीत आणून ठेवली होती. मैदानात पडदा बांधून संध्याकाळी पिच्चर दाखवायचे. नव्या रिळांची पेटी वेळेवर आली नाही आणि आठवडाभर रोज तोच पिच्चर लागला. परदेशी होता. भाषा इंग्रजी नव्हती, कोणती ते कुणालाच कळलं नाही, नावही कुणाच्या लक्षात राहिलं नाही. बाकीचे जवान तिसऱ्या दिवशी कंटाळून पत्ते कुटायला गेले. हवालदार रोज जाऊन बसले. त्यात एक गाडी होती.

"आवं, फारीनची गाडी, पर चाक आपल्यासारकं उजवीकडं," ते सांगत. "रस्त्यानं जायाची बी डाव्या अंगानंच. तितंच मला वाटलं, ही आपल्याला करता यील. मानसं मातुर समदी डावखुरी त्या मुलकातली. हिरो पिस्तूल डाव्या हातानं मारतोय. सही डाव्या हातानं. हातात हात बी डावाच देत्यात. इंग्रज न्हाई तसं करत, पर ह्या मुलकात रीतच आसंल." ऐकणारे माना डोलवायचे. जगात काय काय असतं, असं कोणीतरी म्हणायचा. मीही मान डोलवली होती. ते पिच्चर बघताना कुठे बसले होते हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हाला विचारावंसं वाटलं नाही. त्यांची उलटतपासणी करण्याची आमच्यापैकी कुणाची टाप होती?

ही गाडी का केली, हे मात्र त्यांनी एकदाच सांगितलं. खाटेवर आम्ही दोघंच होतो. लढाईत ते ट्रक चालवत. जखमी माणसं भरलेला एक ट्रक रस्ता खचून दरीत गेला. तो त्यांच्या पुढचा ट्रक होता, त्यांच्याच गावाकडचा एक दोस्त चालवत होता. "आमी वरनं बघत हुतो, सर. काय करनार?" मग म्हणाले, "त्या पिच्चरमधी ती गाडी दरीत पडती. नदीत बी पडती. आन् परत भायेर येती. मागल्या मडगाराला योक पोचा, बाकी काय न्हाई. आठ दिवस मी निसतं तेच बघत हुतो." दुसऱ्या दिवशी गाडीपाशी गेलो तेव्हा डाव्या बाजूच्या मागच्या मडगार्डवरचा पोचा मी पहिल्यांदा नीट बघितला. मला तो अपघाताचा वाटला होता. तो हातोडीनं मोजून मारलेला होता.

पेन्शनीत येऊन गावी परतल्यावर संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि जिल्ह्यातल्या एका वाड्यातल्या जुन्या मोटारी विकायला निघाल्या. त्यातली एक लांबलचक अमेरिकन गाडी हवालदारांनी उचलली. तिचं नाव काय, साल कोणतं, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. लांबी जुळत होती आणि चाक उजवीकडं होतं, एवढं पुरे. मिरजेच्या एका पत्राकाम करणाऱ्याला हाताशी धरून त्यांनी तिचं टप कापलं, बॉनेट वाढवलं, डाव्या अंगाला बॉनेटमधून बाहेर येणाऱ्या जाड नळ्या बसवल्या, उजव्या मडगार्डात खड्डा करून त्यात जादा चाक बसवलं आणि चालकाच्या हाताशी एक पितळी भोंगा लावला. मापं सगळी डोक्यात. "हिरो बसल्या जाग्यावरनं हात भायेर काढून भोंगा दाबतोय. कोपर दारावर टेकतंय. म्हंजी भोंगा दारापासनं योक हात चार बोटं." त्या पत्रेवाल्यानं भोंगा एका हातावर लावला तर त्यांनी तो काढायला लावला. तो वैतागून म्हणाला, चार बोटांनी काय होतंय. हवालदारांनी त्याला हिरोसारखं बसवून दाखवलं, कोपर टेकवायला लावलं, आणि मग त्यानं भोंगा चार बोटं पुढे सरकवला. खरं तर ह्या पंचक्रोशीत तो पिच्चर बघितलेला दुसरा माणूस नव्हता. त्यांनी तिथे म्हशीची शिंगं लावली असती तरी कोणी हरकत घेतली नसती.

गाडी लग्नांना जायला लागली. पुढे पुढे तर तिथी धरायच्या आधी हवालदारांना विचारून यायची पद्धत पडली. पण त्यांच्या अटी जाचक. नवरा-नवरी मागे, चालकाशेजारची जागा रिकामी, कारण पिच्चरमध्ये हिरोच्या शेजारी कोणी बसत नाही. एकदा साखर कारखान्यातल्या एका बड्या माणसाच्या मुलाचं लग्न होतं. नवऱ्याचा मामा, अंगात सिल्कचा सदरा, पुढच्या जागेवर चढून बसला. हवालदारांनी सांगितलं, उतरा. मामा म्हणाला, मी कोण हाय ठावं हाय का. हवालदारांनी इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन बिडी पेटवली. बँड वाजत होता, नवरा घामाघूम, मुहूर्त टळायला आलेला. शेवटी नवऱ्याच्या बापानं मामाचं बखोट धरून त्याला उतरवलं. हवालदारांनी बिडी विझवली आणि काही न झाल्यासारखी गाडी सुरू केली. त्या घरानं त्यांना जन्मभर माफ केलं नाही. हवालदारांनी त्यांना बघून घेतलं, एवढंच गाव कौतुकानं सांगायचं.

गावाचं हे कौतुक घरात मात्र पोचलं नव्हतं. धाकटा भाऊ बाळासाहेब ऊस लावायचा, शेताचं सगळं तोच बघायचा, आणि त्याला ते छप्पर हवं होतं. तो थोरल्याला "दादा" म्हणायचा, पण असा म्हणायचा की खुळ्या म्हटलेलं परवडलं. वाटणीची बोलणी झाली. छपराची जागा बाळासाहेबाच्या वाट्याला गेली. हवालदारांच्या वाट्याला ओढ्यापलीकडचा खडकाळ तुकडा आला, तिथे गाडी नेता येईल असा रस्ताच नव्हता. गाडी विकणं भाग पडलं.

त्यांनी मला इंग्रजी पेपरात द्यायची जाहिरात लिहायला सांगितली. "खालची गाडी मूळची कंची ते बी लिवा, खोटं नको," म्हणाले. "आन् वर लिवा, पिच्चरची गाडी, बघितली तशी." मग खालच्या आवाजात पुढचं सांगितलं. "इकायची खरी, पर योक हाय. ज्यानं पिच्चर बघितलाय त्यालाच दीन. त्यो बघूनच वळखंल. ही तीच म्हनंल. मंग न्हीऊ द्या त्याला." मला तेव्हा कळलं की विक्री हे निमित्त होतं. एवढी वर्षं ह्या माणसाला एक साक्षीदार हवा होता. सगळ्या गावाला जो विचारत होता, बघितलं का ऐकलं, त्याला स्वतःसाठी एक बघितलेला माणूस पाहिजे होता.

सांगलीहून एक हळदीचा व्यापारी आला. साताऱ्याहून एक हौशी वकील आले. दोघांनाही हवालदारांनी पहिला प्रश्न तोच विचारला, पिच्चर बघितलाय? नाही म्हटल्यावर, "चा घ्या आन् सावकास जावा." वकील चिडून म्हणाले, गाडी विकायची आहे की परीक्षा घ्यायची आहे. बाळासाहेब छपराच्या खांबाला टेकून हे सगळं बघायचा. "दादा, गाडीवर चिंच लावू का आता? फळं तरी खायाला मिळतील," म्हणायचा. "यीऊ दे पुन्याची जानकार मानसं," हवालदार म्हणायचे. "मंग कळंल तुला."

पुण्याची जाणकार माणसं हिवाळ्यात एका रविवारी आली. जुन्या मोटारी जमवणाऱ्यांचं त्यांचं एक मंडळ होतं. एक निवृत्त कर्नल, गोरेपान, मऊ आवाजाचे, मराठीच. दुसरा एक तरुण, कुठल्यातरी कारखानदाराचा मुलगा, गळ्यात कॅमेरा. मी दुभाष्या म्हणून हजर होतो, पण दुभाष्याची गरज पडली नाही. हवालदारांनी पहाटे उठून गाडी धुतली होती. हवालदारांच्या कारभारणीनं, आमच्या वहिनींनी, मटण चढवलं होतं. गाव तर जमणारच होतं. कर्नल आहेत हे कळल्याबरोबर हवालदारांच्या टाचा जुळल्या आणि हात कपाळाला गेला. जिल्ह्यातल्या कुठल्याही अधिकाऱ्याशी हुज्जत घालणारा हा माणूस मी पहिल्यांदाच असा ताठ आणि असा लहान झालेला बघितला.

जाणकार लोक गाडी बघतात म्हणजे आधी तिच्याखाली जातात. कर्नलांनी रुमाल पसरला आणि ते आडवे झाले. बराच वेळ त्यांचे बूट तेवढे दिसत होते. बाहेर आले तेव्हा चेहरा उजळलेला. "चासी ओरिजिनल आहे. इंजिनही," ते त्या तरुणाला म्हणाले, आणि त्यांनी त्या अमेरिकन गाडीचं नाव असं उच्चारलं की देवाचं घ्यावं. मग त्यांची नजर वर चढली. राखाडी अंगावरून फिरली, नळ्यांवर गेली, आत शिसवी लाकडावर थांबली. नखानं त्यांनी रंग जरासा खरवडला. "अरेरे. हे काय करून ठेवलंत हो," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मयताला आल्यासारखं बोलले.

हवालदारांना ते ऐकू गेलंच नाही असं मला वाटतं. ते प्रश्नाची वाट बघत होते. प्रश्न येईना तेव्हा त्यांनीच विचारलं, फौजेतल्या हिंदीत. "साब, आपने पिच्चर देखा है?"

"कोणता?"

हवालदारांनी सांगायला सुरुवात केली. दरी, नदी, पूल, तो डावखुरा हिरो. दोन वाक्यांत त्या तरुणाचे डोळे चमकले. त्यानं तो बघितला होता. कर्नलांनीही. तरुण त्यांच्या गाडीकडे धावला आणि जुन्या मोटारींचं एक परदेशी मासिक घेऊन आला. त्यात त्या पिच्चरच्या गाडीचा फोटो होता, अख्ख्या पानभर. त्यानं मासिक बॉनेटवर उघडून ठेवलं. हवालदार पुढे झाले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी आनंद म्हणतो, दुसरा शब्द मला येत नाही. एवढ्या वर्षांनी ती समोर होती.

तरुणानं फोटोकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, परत फोटोकडे. आणि तो हसायला लागला. "अहो, हे सगळं उलटं आहे. चाक इकडे, ह्यांचं तिकडे. नळ्या इकडे, ह्यांच्या तिकडे. स्पेअर व्हील, भोंगा, सगळं. कमाल आहे." तो कुत्सित नव्हता. त्याला खरंच मजा वाटत होती, म्हणूनच त्याचं हसू थांबेना. त्यानं फोटो काढायला सुरुवात केली.

कर्नलांनी हात करून त्याला गप्प केलं. जरा विचार केला आणि मऊ आवाजात विचारलं, "हवालदार, छावणीत पिच्चर बघताना तुम्ही पडद्याच्या कुठल्या बाजूला बसत होता?"

"मागल्या, साब. जवान समदे मागल्या अंगाला, जिमिनीवर. पुढं साहेब लोकांच्या खुर्च्या."

"मग बरोबर आहे," कर्नल म्हणाले. "मागून सगळं उलटं दिसतं. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. त्यांच्या देशात चाक डावीकडेच असतं. आणि माणसं आपल्यासारखीच, उजव्या हाताची."

पडद्यामागून अक्षरं उलटी दिसतात हे जत्रेच्या तंबूत बसलेलं शेंबडं पोरही सांगेल. हवालदारांनाही ते ठाऊक असणारच. पण चाक आपल्यासारखं उजवीकडं दिसलं आणि तिथेच शंका मेली. बाकीचं त्यांनी त्या मुलखाच्या रीतीवर घातलं. डोळ्यांनी बघितलेलं खोटं कसं असेल? मला आजही त्या क्षणाचा संताप येतो. कर्नल सज्जन होते, त्यांनी अपमान केला नाही, आवाज चढवला नाही. पण ज्यांनी ह्या माणसाला पडद्यामागं जमिनीवर बसवलं, त्यांच्याच खुर्चीतून आता त्याला सांगितलं जात होतं की बाबा रे, तू चुकीचं बघितलंस. आणि त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. हीच तर चीड.

हवालदारांच्या टाचा पुन्हा जुळल्या. "जी साब," ते म्हणाले.

पहिला बोलला तो बाळासाहेब. "म्हंजी येवडी वर्सं दादानं गावाला उलटी गाडी दावली म्हना की." आधी एक हसला, मग चार, मग सगळे. त्यातले निम्मे त्याच गाडीतून वरातीला गेलेले होते.

जेवणं झाली. हवालदारांनी स्वतः वाढलं. पान खाताना कर्नलांनी मूळ मुद्दा काढला. त्यांना गाडी हवी होती, म्हणजे चासी आणि इंजिन. वरचं सगळं काढून टाकून ती पुन्हा मूळ रूपात आणता येईल का ते बघू म्हणाले. जुने दरवाजे, टप, दिवे कुठे गेले याची चौकशी केली. ते मिरजेत भंगारात गेले होते हे ऐकून त्यांनी डोळे मिटले. हवालदार उभेच होते. "गाड़ी नहीं मिलेगी, साब," ते म्हणाले. कर्नलांना वाटलं सौदा करतायत. त्यांनी समजुतीनं आणखी एकदा विचारलं. "नहीं मिलेगी, साब." तोच आवाज, तीच ताठ मान. पाहुणे गेले तेव्हा त्यांनी गाडी दिसेनाशी होईपर्यंत सलाम धरला होता.

मला वाटलं होतं, गाव चार दिवस हसेल आणि विसरेल. पण गावाला आता नाव सापडलं होतं. उलटी गाडी. आणि नाव पडलं की त्याचा अर्थही लागतो. उलट्या गाडीतून नवरी कशी आणायची? कुणाची तरी सून दोन महिन्यांत माहेरी परतली होती, ती ह्याच गाडीतून आलेली निघाली. ठरलेल्या वराती एकेक करून रद्द झाल्या. लोक समोरासमोर काही बोलायचे नाहीत, ट्रॅक्टर मिळालाय म्हणायचे. गाडी होती तीच होती. एक नळी इकडची तिकडे झाली नव्हती. तिच्यातून शेकडो संसार सुखानं सुरू झाले होते, त्यातला एक माझा. पण हे सांगायला गेलो की माणसं माझ्याकडे दयेनं बघत.

उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा हवालदार गाडीखाली होते. त्यांनी नळ्या उजवीकडे नेल्या होत्या. जादा चाक डावीकडे. भोंगा काढून ठेवला होता. मी म्हटलं, "हवालदार, हे कशाला? इथं कोणाला कळतंय?"

"मला कळलंय न्हवं," ते म्हणाले.

पण स्टिअरिंगचं चाक डावीकडे जाईना. आतली यंत्रणा सगळी उजवीकडची, ती फिरवायची म्हणजे मूळ गाडीच पुन्हा घडवावी लागली असती. मिरजेच्या पत्रेवाल्यानं हात टेकले. कोल्हापूरला एकानं बघतो म्हटलं आणि बघितलं नाही. तेव्हा गाडी अर्धी तशी, अर्धी अशी राहिली. पडद्याच्या पुढून बघितलेली नाही आणि मागून बघितलेलीही नाही. चालकाच्या उजव्या दारावर भोंग्याच्या खिळ्यांची भोकं तेवढी दिसत होती. वहिनी माझ्यासाठी चहा घेऊन आल्या आणि गाडीकडे न बघता म्हणाल्या, "आवं सर, तुमी तरी सांगा. उलटी हुती तवा चालत तरी हुती." हवालदार खालून बाहेर आले नाहीत.

पुढच्या सुगीच्या आत बाळासाहेबानं छपराचा ताबा घेतला. गाडी मिरजेच्या भंगारवाल्यानं जागेवरच गॅसनं कापून नेली. मी तेव्हा तिथे नव्हतो. इंजिन मात्र बाळासाहेबानं काढून घेतलं आणि विहिरीवर बसवायचं ठरवलं. ते बसलंही नाही. हवालदार गाव सोडून सांगलीला गेल्याचं मला सासऱ्यांकडून कळलं. कुणाकडे तरी ड्रायव्हर म्हणून. "बघितलं का ऐकलं?" मी सवयीनं विचारलं. सासरे हसले.

दोनेक वर्षांनी मी शिक्षकांच्या एका प्रशिक्षण वर्गासाठी पुण्यात होतो. तिथल्या एका चित्रपट मंडळात तो पिच्चर लागला. त्या मासिकातलं नाव बघून ठेवायचं मला तेव्हा सुचलं नव्हतं, त्यामुळे आदल्या दिवशी नाव वाचून मला काही कळलं नव्हतं. पडद्यावर दरी आली आणि मी खुर्चीत सावरून बसलो. हिरोनं कोपर दारावर टेकवलं, हात बाहेर काढून भोंगा दाबला. एक हात, चार बोटं. नदीतून गाडी वर आली. मागच्या मडगार्डला पोचा होता, जिथे असायला हवा त्याच्या दुसऱ्या बाजूला, पण तोच, तेवढाच, तसाच वाकलेला. ह्या माणसानं आठ संध्याकाळी जमिनीवर बसून एवढं सगळं डोक्यात भरून घेतलं होतं आणि वर्षांनंतर ते पत्र्यात उतरवलं होतं. शेजारचे लोक पिच्चर बघत होते. मी एकटा गाडी बघत होतो, आणि मला रडू आलं हे सांगायला मला लाज वाटत नाही. त्यांना हवा असलेला साक्षीदार आता होता. मी होतो.

सांगलीला जायचा योग लवकरच आला. विश्रामबागेत एका कॉलेजात परीक्षेचं काम होतं. फाटकातून आत शिरलो तर पायऱ्यांपाशी एक पांढरी अँबॅसॅडर उभी आणि तिच्याजवळ हवालदार. पांढरा गणवेश, डोक्यावर टोपी, मिशा आता खाली आलेल्या. संस्थेच्या कुठल्या पदाधिकाऱ्याची गाडी ते चालवत होते. मला बघून त्यांनी ओळख दाखवली, घरच्यांची विचारपूस केली. माझ्या पोटात माझी बातमी मावत नव्हती.

"हवालदार, मी तो पिच्चर बघितला," मी म्हणालो. "पुण्यात. अहो, सगळं तसंच आहे. भोंगा एक हात चार बोटांवर. नळ्या तेवढ्याच जाड. मडगार्डचा पोचासुद्धा. तीच गाडी होती तुमची, अगदी तीच. फक्त बाजू तेवढी."

त्यांनी ऐकून घेतलं. खिशातलं फडकं काढून काचेवरचा एक डाग पुसला.

"कुटं बसला हुता?" त्यांनी विचारलं.

"कुठं म्हणजे, खुर्चीवर. पडद्यासमोर."

त्यांनी मान हलवली. "मंग त्यो तुमचा पिच्चर, सर. आमचा येगळा हुता."

तेवढ्यात पायऱ्यांवरून साहेब उतरले. हवालदारांनी मागचं दार उघडलं, टाचा जुळवल्या. साहेब बसले. दार लावून ते वळसा घालून आपल्या जागी गेले आणि गाडी फाटकाबाहेर काढली. जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.